मास्तरीण कोणाची होती?

*प्रिय मावशी, प्रभूच्या नावात सलाम.*

*आम्ही श्रीरामपूर तालुक्यात राहतो. मला सहा मुलं. लोक नावं ठेवतात, पण आम्ही प्रत्येक लेकरू देवाची देणगी म्हणूनच घेतलं. रोज संध्याकाळी घरात प्रार्थना होते. ‘माझं’ हा शब्द आमच्याकडे चालत नाही. जो म्हणेल त्याने बायबलमधलं एक वचन पाठ करायचं, असा नियम आहे. पाच जण गुण्यागोविंदाने राहतात. थोरली तर इतकी समजूतदार की तिच्याकडे बघावंच लागत नाही. पण तिसरा, वय ११, दिवसेंदिवस आपमतलबी होत चाललाय. दप्तराला कुलूप लावतो. धाकट्याला सायकलला हात लावू देत नाही. चिक्की आणली की आधी तुकडे मोजतो. परवा जुळ्या बहिणींनी त्याचा कंपास घेतला तर दोघींना मारलं. यंदा चर्चमधल्या हंगामाच्या सणाला आम्ही त्याची कोंबडी दानात दिली (आत्याने पिल्लू दिलं होतं, त्यानेच वाढवली, ‘मास्तरीण’ म्हणायचा, बाकीच्या सहा अंडी देतात, ही खुडूक झाली होती). लिलावात २,१०० रुपये आले, सगळ्या मंडळीने कौतुक केलं, आणि हा घरी येऊन जेवलासुद्धा नाही. एवढा स्वार्थ ह्याच्यात आला कुठून? निःस्वार्थीपणा लहानपणीच अंगी बाणला पाहिजे, पुढे जमत नाही. त्याला कसं शिकवू?*

*– सहा लेकरांची आई*

बाई, सलाम.

कुलूप, सायकल, चिक्की, कंपास, सगळं बाजूला ठेवा. मला त्या कंसातल्या कोंबडीबद्दल बोलायचं आहे.

तुम्ही तिला कंसात घातलंत. पण नाव विसरला नाहीत, ‘त्यानेच वाढवली’ हेही लिहिलंत, घरात आणखी सहा होत्या हेसुद्धा. इतकं सगळं स्वतःच्या हाताने लिहून पुढच्याच ओळीत मला विचारता, ह्याच्यात स्वार्थ आला कुठून. बाई, तुमच्या घरी रोज शास्त्र वाचलं जातं ना? मग बायबलमधलं दुसरे शमुवेल, बारावा अध्याय, आज रात्रीच्या प्रार्थनेला काढा. नाथान संदेष्टा दावीद राजाकडे येतो आणि एक गोष्ट सांगतो. एका गावात दोन माणसं. एकाकडे मेंढरांचे कळप, दुसऱ्याकडे एकच लहान मेंढी. त्याने ती पोटच्या पोरांबरोबर वाढवलेली. त्याच्या घासातला घास खायची, त्याच्या कुशीत निजायची. श्रीमंताकडे पाहुणा आला. आपल्या कळपाला हात लावणं त्याच्या जिवावर आलं, म्हणून त्याने गरिबाची मेंढी उचलली. ऐकून दावीद भडकतो. पुढे नाथान त्याला काय म्हणतो ते तुम्हाला ठाऊक आहे: तो माणूस तूच.

सहा कोंबड्या अंडी देतात, म्हणून सातवी दिली. तिचा मालक अकरा वर्षांचा होता, आणि त्याला ‘माझी’ म्हणायचीही सोय नव्हती. म्हणाला असता तर तुम्ही त्याला वचन पाठ करायला बसवलं असतं. (वचनाची शिक्षा करणं ही काय पद्धत आहे, बाई? शिक्षा म्हणून पाठ केलेलं वचन पोराला पुढे कधी गोड लागेल?)

हंगामाचा सण मला नवा नाही. लहानपणापासून पाहिलाय. वेदीपुढे बाजरीची कणसं, उसाच्या मोळ्या, भोपळे, अंड्यांची टोपली, कोपऱ्यात पाय बांधलेल्या कोंबड्या आणि एखादं बोकड. उपासना झाली की लिलाव. एकेक लिंबू पाचशेला जातं, घेणारा ते पुन्हा दानात देतो, पुन्हा बोली लागते, मंडळी हसते, टाळ्या वाजतात. मला तो लिलाव फार आवडतो. पण लिंबाला नाव नसतं. तुमच्या पोराच्या जागी बसून बघा जरा. पाय बांधून आणलेली मास्तरीण समोर आहे, ओळखीचा माणूस तिला उलटी धरून बोली पुकारतोय, आणि आकडा चढेल तसे आईबापाचे चेहरे फुलतायत. एकवीसशेला ती कोणाकडे गेली हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्याला विचारा, तो सांगेल. कुठल्या दिवशी कापली तेही बहुतेक सांगेल.

आणि ती ‘खुडूक झाली होती’ म्हणता. तुमच्या लेखी खुडूक म्हणजे अंडी बंद, दाणे फुकट. पण पोटच्यासारखी कोंबडी वाढवणाऱ्या पोराला खुडूक म्हणजे काय ते विचारा! आता ती बसणार. खाली अंडी ठेवली की एकविसाव्या दिवशी पिल्लं. तुमच्या मुलाने बसवायला अंडी बाजूला काढूनसुद्धा ठेवली असतील. जी बाई सहा लेकरांची आई झाली तिला हे मी सांगायचं?

दप्तराला कुलूप कधी लागलं, सणाच्या आधी की नंतर? पत्रात नाही. मी नंतर म्हणेन, आणि त्यावर पैजही लावीन.

आम्ही नऊ भावंडं. दोन खोल्या, एक न्हाणी, आणि वडिलांचा पगार तुम्ही कल्पना कराल त्याहून कमी. आईने भिंतीत नऊ खिळे ठोकले होते आणि प्रत्येकावर मांजरपाटाची एकेक पिशवी. तुझा खिळा, तुझी पिशवी. त्या पिशवीत आईसुद्धा विचारल्याशिवाय हात घालत नसे. माझा चौथा भाऊ महाकंजूष, त्याच्या पिशवीत गोट्या, दोऱ्याची रिळं आणि कोण जाणे काय काय साठवलेलं. मला टायफॉइड झाला तेव्हा एका सकाळी त्याची अख्खी पिशवी माझ्या उशाशी होती. कोणी सांगितलं नव्हतं. बरी झाल्यावर त्याने ती परतही मागितली, आणि मी निमूट दिली, कारण ती त्याची होती.

तुमच्या घरात खिळेच नाहीत. सगळं सगळ्यांचं आहे, म्हणजे कोणाचंच काही नाही, आणि वाटणारा हात फक्त तुमचा. मग पोरगा देईल काय? थोरली काही मागत नाही म्हणून तुम्ही तिच्यावर खूश आहात; तिचं पत्र मला आणखी वीस वर्षांनी येईल, ते मी तेव्हा बघेन. आज मला ह्या मुलाची काळजी आहे, कारण तो अजून कुलूप लावतोय. जाईल ते जाऊ दे म्हणत नाहीये.

लहानपणीच बाणलं नाही तर पुढे जमत नाही, हेही खरं नाही. तुमच्याच जिल्ह्यातलं बघा. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यानंतर पाच वर्षांनी, १९०० साली ख्रिस्ती झाल्या, मोठ्या जाणत्या बाई, संसार उन्हातान्हातून काढलेल्या. नवऱ्याचा निर्णय झाला म्हणून त्यांचा झाला नव्हता. त्यांचा त्यांनी, त्यांच्या वेळेला केला. आणि नवऱ्याइतक्याच भक्कम उभ्या राहिल्या.

त्याच दावीदाची आणखी एक गोष्ट त्याच पुस्तकाच्या शेवटी आहे, ती मला फार आवडते. त्याला वेदी बांधायची असते. अरवना नावाचा यबूसी माणूस म्हणतो, महाराज, खळं घ्या, बैल घ्या, फुकट घ्या. दावीद नाही म्हणतो. ज्याचं मला काही मोल पडलं नाही ते मी माझ्या देवाला वाहणार नाही, असं त्याचं म्हणणं. मोजून पन्नास शेकेल चांदी देतो आणि मग यज्ञ करतो. तुम्ही वाहिलेल्या कोंबडीचं मोल तुम्हाला काय पडलं, बाई? तुमची तर अंडीसुद्धा चुकली नाहीत. पण मंडळीत कौतुक तुमचं झालं.

आता काय करायचं ते ऐका. एकच गोष्ट सांगते.

नाथानाची गोष्ट ऐकून दावीदाने स्वतःच दंड सांगितला होता, एका मेंढीच्या चार द्याव्यात. येशूला बघायला झाडावर चढलेला जकातदार जक्कयही खाली उतरल्यावर चौपटच म्हणाला. तेव्हा तुम्ही चार तलंगा, तरण्या कोंबड्या, आणायच्या. गावरान, अंड्यावर आलेल्या. तुमच्या खुराड्यातल्या उचलायच्या नाहीत, पैसे मोजून विकत आणायच्या, म्हणजे ह्या वेळी मोल तुम्हाला पडेल. त्यांना वेगळं डालगं. संध्याकाळच्या प्रार्थनेला सहाही पोरं आणि त्यांचे वडील बसलेले असताना त्याला समोर बोलवा आणि म्हणा: मास्तरीण तुझी होती. मी तुला न विचारता दिली. माझं चुकलं. ह्या चार तुझ्या. एवढंच. ‘पण’ म्हणायचं नाही, ‘देवाच्या कामासाठीच’ म्हणायचं नाही, प्रार्थनेत घोळवायचं नाही. तुमच्या पाच गुणी मुलांनाही हे ऐकू द्या. आई चुकते आणि चूक कबूल करते, हे त्यांनी पाहिलेलं असेल असं पत्रावरून वाटत नाही.

तो रडेल किंवा काहीच बोलणार नाही. दुसऱ्या दिवशी डालग्यालाही कुलूप लागलं तर लागू द्या. जुळ्यांना त्या कोंबड्यांना हात लावायचा असेल तर त्याला विचारतील, आणि तो नाही म्हणाला तर ‘नाही’वर भागेल.

पुढच्या हंगामाच्या सणाला तो रिकाम्या हाताने आला तर त्याच्या हाताकडे बघू नका. शेजारणीने बघितलं तर तिला आपली कोंबडी दाखवा. तुमच्या सहातली, चांगली अंडी देणारी.

आणि त्या चौघींची अंडी घरात लागली, तर त्याच्याकडून विकत घ्या. बाजारभावाने, रोख.

– मावशी