घरच्या गॅरेजमधल्या एअर कॉम्प्रेसरचा आवाज कमी करायला डब्याला आतून कोणता फोम लावावा? शेजारी तक्रार करतात, मी फक्त दिवसाच चालवतो.

फोमचं नंतर सांगतो. आधी एक विचारतो, कॉम्प्रेसर चालू असताना त्या शेजाऱ्यांच्या घरात जाऊन बसलायत का कधी? मी सहा महिने गेलो नव्हतो आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आमचं चारकोपला म्हाडाचं रो हाऊस, भिंतीला भिंत लागून. पुढच्या खोलीला शटर लावून गॅरेज केलंय, नोकरी सांभाळून जुन्या स्कूटर खोलतो, पत्रा ठोकतो, रंग मारतो. २०१९ मध्ये नागदेवीच्या हत्यारबाजारातून २ एचपीचा, ५० लिटर टाकीचा डायरेक्ट मोटरवाला कॉम्प्रेसर आणला, म्हणजे मध्ये बेल्ट नाही, पंप थेट मोटरलाच जोडलेला, हे मॉडेल २८०० आरपीएमच्या आसपास फिरतं, सुरू झालं की समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. शेजारच्या काकू दोनदा येऊन सांगून गेल्या. तिसऱ्यांदा आल्याच नाहीत, बोलणंच बंद केलं. इतक्या वर्षांचा शेजार, माझी मुलं त्यांच्या ओट्यावर वाढलेली.

माझा मोठा भाऊ म्हणाला डबा बनव, आतून थर्माकोल आणि अंड्यांचे ट्रे चिकटव. मी म्हणत होतो की दादा, हादरा जमिनीतून जातोय, मला पायाला लागतोय. तर म्हणे आवाज हवेतून जातो हे शाळेत शिकवलं नाही का तुला. मोठा भाऊ म्हणून ऐकलं, दोन रविवार घालवून प्लायचा डबा केला, आणि चालू केल्यावर वीसेक मिनिटांत मोटर ओव्हरलोडवर ट्रिप. थंड होऊ दिली, परत चालू केली, परत ट्रिप. उघडून बघितलं तर हेडच्या, म्हणजे पंपाच्या डोक्याच्या बाजूचं थर्माकोल वितळून आक्रसलेलं आणि उग्र वास. हेड आणि तिथून टाकीत जाणारी तांब्याची नळी शंभर डिग्रीच्या वर सहज जाते हो, आणि तिथून हातभर लांब माझा थिनरचा डबा होता. दादा आजही म्हणतो भोकं कमी पाडलीस. भोकांचा प्रश्नच नव्हता दादा.

शेवटी बायकोने बळंबळं काकूंकडे पाठवलं. तिथे बसून मुलाला फोन केला, म्हटलं चालू कर. खरं सांगतो, त्यांच्या स्वयंपाकघरात कानाला आवाज फार नव्हता. पण मांडणीवरच्या स्टीलच्या ताटल्या किणकिणत होत्या, ओट्यावरचा पेला हळूहळू कडेकडे सरकत होता, आणि भिंतीवर तळवा ठेवला तर हाताला मुंग्या आल्यासारखं. त्याच भिंतीला त्यांच्या बाजूच्या खोलीत काकांच्या पलंगाची उशाकडची बाजू होती. काका दुपारी तिथे झोपायचे.

घरी येऊन बघतो तर हवेची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पाईपलाईन मीच त्या कॉमन भिंतीला चार क्लॅम्पनी घट्ट आवळलेली, कॉम्प्रेसरपासून थेट, मध्ये रबर कुठेच नाही. आणि कॉम्प्रेसरचे पाय सरळ लादीवर. म्हणजे अख्खी भिंतच मी स्पीकर करून ठेवली होती.

लाईन काढून दुसऱ्या भिंतीला नेली, कॉम्प्रेसर आणि पाईपच्या मध्ये मीटरभर प्रेशरचा होज टाकला. चारही पायांखाली रबरी व्हायब्रेशन माउंट बसवले, वजन सांगून घ्या, फार कडक घेतले तर उपयोग शून्य आणि फार मऊ घेतले तर मशीन चालत सुटतं. माउंटखाली जाड शहाबादी लादी आणि तिच्याखाली रबर शीट. मग सक्शन, म्हणजे पंप हवा आत ओढतो ते तोंड, कारण पिस्टनच्या मशीनला हवेतून येणारा सगळ्यात मोठा आवाज तिथला असतो, चालू असताना फिल्टरपाशी कान नेऊन बघा. तिथून होज काढून ४ इंची पीव्हीसी पाईपचा मीटरभर तुकडा दोन्हीकडून बुच लावून चेंबरसारखा जोडला आणि फिल्टर त्याच्या दुसऱ्या टोकाला. होजचं भोक सक्शनच्या भोकापेक्षा बारीक नको, नाहीतर पंप गुदमरून तापतो. मोबाईलच्या अ‍ॅपवर गॅरेजमध्ये ९१ डेसिबलचे ८२ झाले, अ‍ॅपचा आकडा बरोबर नसतो पण फरक कळतो, आणि १० डेसिबल उतरले की कानाला साधारण निम्मं वाटतं. काकूंच्या ताटल्या पूर्ण थांबल्या. त्या पावसाळ्यात आम्ही बाहेर असताना आमचे वाळत घातलेले कपडे त्यांनी काढून ठेवले.

आता फोम. फोमने खोलीतला घुमणारा आवाज कमी होतो, बाहेर जाणारा अडत नाही, तो वजनाने अडतो. डबा करायचाच असेल तर १८ एमएम प्लाय, आतून ५० एमएम रॉकवूल (दगडाच्या धाग्यांची लोकर) आणि त्यावर कापड लावून, खालून हवा आत आणि वरून पंख्याने बाहेर, दोन्ही वाटा वळणाच्या. डबा मशीनला आणि भिंतीला टेकता कामा नये. थर्माकोल नाही म्हणजे नाही.

आणि मशीन डायरेक्ट असेल तर विकून टाका, माझं स्पष्ट मत. बेल्टवाल्याचा पंप हजाराच्या आतबाहेर फिरतो, आवाज कमी आणि जाड. मीही शेवटी तोच घेतला. जागा नसेल तर डेंटिस्टकडे असतो तसला कमी स्पीडचा ऑइल फ्री बघा, महाग आहे.

दिवसाच चालवतो म्हणालात, पण २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमात राहत्या वस्तीला दिवसाही मर्यादा आहे, ५५ डेसिबल. रात्री १० ते सकाळी ६ ला ४५.

हां, रंग मारत असाल तर कॉम्प्रेसर त्याच बंद खोलीत नको, प्रेशर स्विचला ठिणगी पडते. डब्यात घातलात की टाकीचं पाणी काढायचं राहून जातं, मुंबईच्या हवेत ते रोज काढावं लागतं, ड्रेन कॉकपर्यंत हात पोचेल असं दार ठेवा.

तुमचा डायरेक्ट आहे की बेल्टचा ते लिहिलं नाहीत. लाईन कुठल्या भिंतीवर आहे तेही लिहा.