पान फाडायचं नाही

तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी चहा घेताना बघितला. "बाई, चित्रांच्या वहीतली तीन पानं फाडून टाकली, मला हे जमेल असं वाटत नाही, आणि खरं सांगू का, बाबांचं एवढं आजारपण चालू असताना चित्रं काढत बसायची लाजपण वाटते." फोनच करणार होते, पण फोनवर तू नुसतं हो बाई हो बाई करतेस आणि शेवटी स्वतःच्या मनाचंच करतेस, शाळेत होतीस तेव्हापासून बघतेय, म्हणून लिहितेय. नीट वाच.

आधी पानांचं. पान फाडायचं नाही. कितीही घाण आलं तरी नाही. तू फोटो पाठवलास त्यात दिसतंय की तुझी वही मधोमध पिना मारलेली आहे. अशा वहीत पुढचं एक पान आणि मागचं एक पान मिळून एकच कागद असतो, त्यामुळे पुढचं फाडलं की मागचं सैल होतं आणि कधीतरी हातात येतं. म्हणजे आज रागारागात जूनमधलं पान फाडलंस तर डिसेंबरातलं, जे तू अजून काढलेलंसुद्धा नाहीयेस, तेही गेलं. तीन फाडलीस म्हणजे सहा गेली, हिशोब कर. वही उघड, मागची ती तीन पानं शोध आणि आत्ताच्या आत्ता फेविस्टिकने शेजारच्या पानाला बुडाशी बारीक पट्टी लावून पकडून ठेव. फेविकॉल लावू नकोस, कागद ओला होऊन सुरकुततो.

आता जमत नाही म्हणतेस त्याचं. तुला इंटरमिजिएटला, चित्रकलेच्या परीक्षेला, ए ग्रेड होती, तिथेच सगळा घोळ आहे. स्थिरचित्राच्या पेपरला काय असायचं, तांब्या, दोन वांगी, मागे चुण्या पाडलेला पडदा, सगळं कोणीतरी आधीच छान मांडून ठेवलेलं, आणि आपण फक्त शेडिंग करायचं. घरात असं कोणी मांडून देत नाही. घरात पलंगाखाली युरिन पॉट असतो आणि त्याच्या बाजूला एक चप्पल, दुसरी कुठे गेली ते कळत नाही. ते काढायचं. आणि तू काय काढलंस तर खिडकीत कुंडी आणि त्यावर फुलपाखरू! कुंडी आहे का तुमच्या खिडकीत? मला आठवतंय त्याप्रमाणे तिथे कुलरचा पत्रा आहे. रील्समध्ये त्या मुली वॉशी टेप, म्हणजे ती नक्षीची कागदी चिकटपट्टी, लावून, सुकलेली फुलं चिकटवून जी पानं करतात ती सुंदरच असतात, मीपण बघते की, पण ती पानं दाखवण्यासाठी केलेली असतात, तुझी तशी नाहीत.

मागच्या आठवड्यात तू सहज बोलता बोलता म्हणालीस की बाबांना गिळायला त्रास होतो म्हणून साधं पाणी चालत नाही, पावडर घालून घट्ट करून चमच्याने द्यावं लागतं, आणि ते चमच्यावरून पाण्यासारखं पडतच नाही, हळूच एक लोंबता थेंब होतो आणि अडकून राहतो. अगं हे काढ ना! चमचा आणि तो थेंब. बाजूला तारीख, किती चमचे गेले, ठसका लागला का. कोणाच्या रीलमध्ये हे पान असणार आहे? आणि वाईट आलं तर? तर वाईट आलं. पान फाडायचं नाही. पुढच्या आठवड्यात परत तोच चमचा काढ. दहा वेळा काढलास की हात आपोआप वळता होईल आणि नाही झाला तरी काकांचं, म्हणजे तुझ्या बाबांचं, पाणी कधी पातळ होत गेलं ते त्या पानांवरून दिसेल, जे डॉक्टरच्या फाईलमध्ये कुठेही दिसणार नाही.

माझे वडील गेले त्या वर्षाची माझ्याकडे एक फुगलेली फाईल आहे, रिपोर्ट, एक्स-रे, बिलं. त्यांचे हात कसे होते ते आता मला आठवत नाही. अंगठ्याचं नख चिरलेलं होतं एवढं आठवतं, कुठल्या हाताचं ते नाही. त्या वेळी मी रोज शाळेत चाळीस मुलांना हात कसा काढायचा ते शिकवत होते. असो.

लाज वाटते म्हणतेस त्याचं मात्र मी ऐकून घेणार नाही. माझ्या आईच्या आजारपणात मी काढलं. 2020 चा मार्च, सगळं बंद, स्टेशनरीची दुकानंही बंद, दोन आठवड्यांत माझी वही संपली. मग कपाटातून मुलांच्या स्मरणचित्राचे जुने पेपर काढले, तपासून झालेले, मागची बाजू कोरी. त्यामुळे आजही ते गठ्ठे उलगडले की एका बाजूला कुणाचं तरी गणपती विसर्जन आणि मागे माझी आई झोपलेली. वहिनी म्हणाली, लोकांना कळलं तर काय म्हणतील, आई अशी पडलीय आणि ही चित्रं काढत बसलीय. कुठले लोक? दारात दूधवालासुद्धा पिशवी लटकवून पळत होता. आणि आईला पुसायचं, कूस बदलायची, पेज भरवायची, डायपर बदलायचा हे सगळं मीच करत होते, वहिनी व्हिडिओ कॉलवर होती. मधल्या वेळात मी हातात पेन घेतलं तर कोणाचं काय गेलं? बाकीचे त्या वेळात मोबाईलवर आकडे बघत बसायचे, आज किती वाढले, कुठल्या वॉर्डात वाढले, त्याची नाही कोणाला लाज वाटली. मी अजूनही वहिनीला हेच सांगते, विषय निघाला की. निघतोच.

एक मात्र खुपतं. सगळ्या चित्रांत आई झोपलेलीच आहे. जागी असली की काढूच द्यायची नाही, म्हणायची मेले, केस बघ कसे झालेत माझे. म्हणून तिचे डोळे एकाही कागदावर नाहीत.

तू परवा फ्रिडा काहलोचं, त्या मेक्सिकोच्या चित्रकर्तीचं, काहीतरी पाठवलं होतंस म्हणून सांगते. ती शेवटची दहा वर्षं, 1944 पासून पुढे, चित्रांची डायरी ठेवत होती, शरीर पार खिळखिळं झालेलं. त्यात शाईचे डाग पडलेत, त्या डागांचेच तिने प्राणी आणि चेहरे केलेत. डाग पडला म्हणून कागद फेकला नाही. आणि आपल्याकडचे चित्रकार चित्तप्रसाद, 1943 च्या बंगालच्या दुष्काळात तिथल्या मिदनापूरमध्ये पायी फिरून माणसं काढली, नुसती काढली नाहीत तर नावं, गावं, काय झालं ते लिहून ठेवलं. त्याच्या छापलेल्या पुस्तकाच्या प्रती इंग्रजांनी जप्त करून जाळल्या, कारण त्यात खरं होतं. तुझ्या वहीला कोणी जाळणार नाही, तूच एकटी शत्रू आहेस तिची. खाली नाव, तारीख, वेळ लिहायला शिक त्यांच्याकडून. तुझ्या एकाही पानावर तारीख नाही, बघितलं मी.

बारीकसारीक पटकन सांगते. जेल पेनवर कॅमलचे वॉटरकलर फिरवलेस की काळं पसरणार, तेच झालंय तुझ्या दुसऱ्या फोटोत. साधं बॉलपेन वापर, त्याला पाण्याने फारसं काही होत नाही. हळदीने रंगवायचं खूळ सोड, उन्हात उडतो तो रंग, चहाचं पाणी त्यापेक्षा टिकतं. आणि मेडिकलची बिलं चिकटवतेस ती थर्मल कागदाची आहेत, वर्षा-दोन वर्षांत पुसट होत कोरी पडतील, त्यामुळे औषधाचं नाव आणि रक्कम बाजूला पेनाने लिहून ठेव. गोळ्यांची रिकामी स्ट्रिप चिकटवलीस ते मला फार आवडलं, सगळ्या वहीत तेवढं एक पान तुझं वाटलं.

काकांना बोलता येत नाही म्हणून ग्लास, पंखा, रेडिओ अशी चित्रं काढून त्यांना बोट ठेवायला द्यायची तुझी कल्पना चांगली आहे, स्पीच थेरपीवाल्या मॅडमना दाखव. पण त्यासाठी वेगळी वही कर, मोठी, जाड पुठ्ठ्याची, आणि तिथे पाहिजे तेवढी पानं बदल. ही वही कामाला लावू नकोस. दिवसभर तू सगळ्यांच्या कामाचीच असतेस, औषधं, फिजिओ, आईची चिडचिड, ऑफिसचे कॉल म्यूट करून. एक वही बिनकामाची राहू दे घरात. आणि तिच्यातलं पान... हो, तेच. परत लिहीत नाही. लिहितेच. फाडायचं नाही. फारच राग आला तर ते पान उलट, पुढचं काढ, आणि रागाची तारीख मागच्या पानावर टाकून ठेव.

अजून एक, हे मी आईच्या बाबतीत केलं नाही आणि ते बरोबर होतं की नाही यावर मी स्वतःशी अजून भांडते. काकांचा उजवा हात काढणार असशील तर आधी त्यांना विचार. शब्द गेलेत त्यांचे, मान हलवता येते. नाही म्हणाले तर हट्ट करू नकोस, त्यांची काठी काढ, चष्मा काढ, ती पलंगाखालची चप्पल काढ.

कागद लागला तर सांग, माझ्याकडे कार्ट्रिज पेपरचे, त्या जाड ड्रॉइंगच्या कागदाचे, गठ्ठे पडून आहेत, माझ्या शेजारचे काका पुढच्या शनिवारी साताऱ्याला येतायत त्यांच्याबरोबर देते. वही परत पिनांची घेऊ नकोस, दोऱ्याने शिवलेली घे.

बाई