टक्के नकोत, दाणे मोजा

प्रश्न : ताई, मी बेळगावात बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे, गाव खानापूर तालुक्यात. दहावीपर्यंत मराठी मीडियम, आता सगळं इंग्लिशमधनं, त्यामुळं गोंधळ होतो. प्रॅक्टिकलला मक्याची एफ-टू, म्हणजे संकरानंतरच्या दुसऱ्या पिढीची कणसं दिलेली, मी आणि मैत्रिणीनं मिळून दाणे मोजले, जांभळे 280, पिवळे 120. मी टक्के काढून काय-स्क्वेअर (मोजलेले आकडे अपेक्षित प्रमाणापासून किती लांब आहेत ते बघायची चाचणी) केला तर 1.33 आला, म्हणजे तीन जांभळ्यांना एक पिवळा हे 3:1 बसतंय. तिचा 5.33 आला, बसत नाही म्हणते. दाणे तर तेच की, मग चुकलं कुणाचं?

उत्तर : मैत्रिणीचं बरोबर आहे गं. काय-स्क्वेअरला टक्के द्यायचेच नाहीत, मोजलेले दाणेच द्यायचे. 400 दाण्यांत 3:1 नं 300 आणि 100 यायला पाहिजेत, दोन्हीकडं फरक 20 चा, त्याचा वर्ग 400, भागिले 300 म्हणजे 1.33, भागिले 100 म्हणजे 4, बेरीज 5.33. तू टक्के काढलेस तिथं 400 चे 100 दाणे झाले, म्हणून उत्तर पण बरोबर पाव झालं. 10 दाण्यांत 7 जांभळे 3 पिवळे आले तर कुणी काही म्हणणार नाही, पण 400 दाण्यांत तेच प्रमाण राहिलं तर विचार करावाच लागतो, आणि टक्क्यांत नेमकं हेच पुसलं जातं.

दोन गट, म्हणून डिग्री ऑफ फ्रीडम (गटांपेक्षा एक कमी) 1, आणि 5 टक्के लेव्हलला टेबलातला आकडा 3.84, म्हणजे 3:1 खरं असेल तर काय-स्क्वेअर याच्या वर शंभरात पाचदाच जातो. तुमचा त्याच्या वर गेला. तरी जर्नलात लगेच "3:1 नाहीच" असं ठोकून देऊ नका, कारण खरंच 3:1 असलं तरी एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरात साधारण दोनदा नुसत्या योगायोगानं येतो.

मग काही मुलं बसेल असा दुसरा रेशो शोधत बसतात, ते मला अजिबात पटत नाही. मक्यात जांभळ्या रंगाला दोन जीन्स लागत असतील तर 9:7 येतं हे खरं, पण तुमच्या दाण्यांना लावून बघ, 225 आणि 175 पाहिजेत, काय-स्क्वेअर 30 च्या वर जातो! त्यापेक्षा दाणे परत बघा, टोकाकडचे फिकट जांभळे पिवळ्यात गेलेत का ते. आणि प्रत्येक कणसाचा आकडा वेगळा लिहा, बाकीची 3:1 ला धरून असतील आणि एकाच कणसात निम्मे पिवळे असतील तर ते टेस्ट क्रॉसचं (मिश्र जांभळ्याचा शुद्ध पिवळ्याशी संकर), 1:1 चं कणीस मिसळलेलं असू शकतं, सगळे दाणे एकाच ढिगात ओतले तर हे कळतच नाही.