आईचा नवस, मुलाचं पाचारण

"मी सेमिनरीत गेलो नाही, तर देव आमच्या घरावर काही आणील का?"

सेमिनरी म्हणजे पाळक, मंडळीचे धर्मगुरू, घडवणारी शाळा. सल्ला मागायला येणारे तरुण ख्रिस्ती विश्वासणारे हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. पुढची हकीकत कोणा एकाची नाही. अशा अनेकांच्या भेटींतून ती जुळवली आहे.

मुलगा २७ वर्षांचा, अहिल्यानगरकडचा, पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. जन्मल्यावर अकरा दिवस काचेत होता. तेव्हा आई देवाला म्हणाली होती, "हा वाचला तर तुझ्या सेवेला देईन." तीच साक्ष ती दर वाढदिवसाच्या रविवारी उपासनेत देत आली. शब्बाथ शाळेत, म्हणजे मंडळीच्या मुलांच्या वर्गात, असल्यापासून मंडळीतल्या बाया त्याला "आमचे पाळकसाहेब" म्हणायच्या. गेल्या पावसाळ्यात त्याची दुचाकी घसरली आणि मनगट मोडलं. आई म्हणाली, "योनानेही पळून बघितलं होतं." योना हा बायबलमधला संदेष्टा: देवाने निनवे नगराला जायला सांगितलं, तर तो जहाजाने उलट दिशेला पळाला आणि वादळात समुद्रात टाकला गेला. तेव्हापासून त्याला झोप नाही.

दोन आठवड्यांहून जास्त झोप बिघडली असेल तर आधी डॉक्टरांकडे पाठवावं. त्यालाही पाठवलं. थकलेल्या मेंदूला प्रत्येक आवाज देवाचाच वाटतो, आणि तोही रागावलेल्या देवाचा.

पहिल्या भेटीत योनाचं पुस्तक उघडलं. योनाला आज्ञा स्पष्ट होती: नगराचं नाव आणि काम, दोन्ही सांगितलेलं. "तुम्हाला अशी आज्ञा कधी झाली?" असं विचारल्यावर तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मला नाही. आईला." ज्याला आज्ञाच झाली नाही, त्याच्या मोडलेल्या मनगटाला आज्ञाभंगाची शिक्षा कशी म्हणायची? शिवाय त्या गोष्टीत मोठ्या माशाने योनाला गिळलं, ते त्याला बुडण्यापासून वाचवलं. आणि चौथा अध्याय लोक वाचतच नाहीत. योना निनवेला गेला, संदेश दिला, नगर वाचलं आणि हा रागाने बाहेर जाऊन बसला. भीतीने पाय निनवेला पोहोचतात, मन पोहोचत नाही. असा माणूस सेवेत गेला की दहा वर्षांनी त्याचा राग मंडळीला सोसावा लागतो.

आईचा सगळा आधार हन्नेवर, बायबलमधल्या शमुवेलाच्या आईवर, होता. म्हणून शमुवेलाचं पहिलं पुस्तक सावकाश वाचलं. मूल नसलेल्या हन्नेने मुलगा झाला तर देवाला देईन असा नवस केला आणि दूध तुटल्यावर मुलाला मंदिरात आणून दिलं. पण तिसऱ्या अध्यायाच्या सातव्या वचनात लिहिलंय की शमुवेलाला अजून परमेश्वराची ओळख झाली नव्हती. मंदिरात राहत होता, दिव्याजवळ झोपत होता, तरीही! देवाने त्याला स्वतः नावाने हाक मारली. एलीने, म्हणजे तिथल्या म्हाताऱ्या याजकाने (पुरोहिताने), बोलावलं असं वाटून तीन वेळा तो एलीकडे धावला आणि चौथ्या वेळी त्याने स्वतःच्या तोंडाने देवाला उत्तर दिलं: "बोल, तुझा दास ऐकत आहे." आईच्या नवसाने तो दारापर्यंत आला होता. "बोल" हे त्याचं त्यालाच म्हणावं लागलं.

आपल्याकडेही हे घडलेलं आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. नवऱ्याच्या होकारात बायकोचा होकार धरला गेला नाही. तिचा तिला सापडायला पाच वर्षं लागली.

मग करायचं काय? सहा आठवडे कोणताही निर्णय घ्यायचा नाही, असं ठरलं. वहीत तीन रकाने आखले: आई आणि मंडळी काय म्हणतात, भीती काय म्हणते, आणि वचन वाचताना स्वतःच्या मनात काय उमटतं. रोज वीस मिनिटं, आठवडाभर एकच उतारा. पहिल्या आठवड्यात तिसरा रकाना जवळजवळ कोरा राहिला. त्याला त्याची लाज वाटली, पण तो कोरेपणाच सगळ्यात खरी नोंद होता.

दुसऱ्या आठवड्यात तो भरकटला. रात्री त्याने डोळे मिटून बायबल उघडलं, बोट ठेवलं आणि निघालेलं वचन हाच कौल मानला. हे फार जण करतात. बायबलमधल्या गिदोनाने लोकर अंगणात ठेवून, ती दवाने भिजते की कोरडी राहते यावरून देवाकडे खूण मागितली, त्याचा दाखला देतात, पण गिदोनाला आज्ञा आधीच मिळाली होती. लोकर नंतरची, आणि तीही त्याच्या धास्तीपोटी. घाबरलेला माणूस मनाजोगं किंवा मनाविरुद्धचं वचन निघेपर्यंत पानं उलटत राहतो. तो प्रकार थांबवला.

सोबत आठ शनिवार प्रत्यक्ष काम दिलं. व्यासपीठ मुद्दाम दिलं नाही, कारण टाळ्यांमध्ये ओढ आणि कौतुक यांत फरक कळत नाही. सरकारी दवाखान्यात ज्यांच्याजवळ कोणी नाही अशा रुग्णांपाशी बसायचं, औषधाची चिठ्ठी समजावून सांगायची, त्यांनी म्हटलं तरच प्रार्थना करायची. घरी आल्यावर एकच ओळ लिहायची: दमलो, पण परत जावंसं वाटतं का? पाचव्या शनिवारपासून उत्तर "हो" येऊ लागलं.

घरखर्चही कागदावर मांडला: पगार, गाडीचा हप्ता, वडिलांची साखरेची औषधं. लूकच्या शुभवर्तमानाच्या १४व्या अध्यायात बुरूज बांधणारा आधी बसून हिशेब करतो, त्याला कोणी अविश्वासू म्हणत नाही. आणि मार्क ७ मध्ये देवाला अर्पण केलं म्हणून आईबापांची जबाबदारी झटकणाऱ्यांना येशूने खडसावलं आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. "स्वेच्छेने" याचा अर्थ "मनाला येईल तेव्हा" असा घेतला की सगळं बिघडतं. पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत येशूने तीनदा प्रार्थना केली, नको वाटतंय हे पित्याला उघड सांगितलं आणि मग मरणाला सामोरा गेला. मत्तय २१ मधल्या दृष्टांतातला पहिला मुलगा बापाला आधी "नाही" म्हणतो, नंतर मळ्यात जातो. प्रामाणिक नकार देवाला चालतो. तोंडदेखल्या होकारापेक्षा बरा.

शेवटच्या भेटीला आई आली. "मी देवापुढे बोललेय, शब्द कसा फिरवू?" बायबलमधल्या लेवीय पुस्तकाचा २७वा अध्याय तिच्यासमोर ठेवला. नवसाने वाहिलेल्या माणसाला सोडवून घ्यायची सोय नियमशास्त्रातच होती. वीस ते साठ वर्षांच्या पुरुषाला ५० शेकेल (तेव्हाचं चांदीचं माप), आणि ऐपत नसेल तर याजक ठरवील तेवढं. आज कोणी पैसे भरायचे नाहीत. पण नवस करणाऱ्याला कोंडीत धरणारा देव तो नव्हे, हे तिला पहिल्यांदा दिसलं. "मावशी, तुमची कृतज्ञता तुमची आहे, ती तुम्हीच फेडा," एवढंच सांगितलं.

मुलाने सेमिनरीचा अर्ज भरलेला नाही. पाळकसाहेबांना त्याने सांगितलं की वर्षभर दवाखान्यातलं काम करीन, मग शिफारसपत्राचं बोलू. आईची चिंता उरली ती साक्षेची: लोकांना काय सांगायचं? तिच्याच शब्दांत वाक्य तयार झालं आणि पुढच्या वाढदिवसाच्या रविवारी ती उभी राहून म्हणाली, "मी याला देवाला दिलं होतं. आता देव त्याच्याशी काय बोलतो ते मी विचारत नाही. तुम्हीही विचारू नका, प्रार्थना करा."