पोती भरली, मग पुढे?

प्रश्न : बाई, मी दापोलीत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या गावच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, आम्ही पंधरा-वीस मुलंमुली दर रविवारी सकाळी आठला प्लास्टिक वेचतो. बाबा तांडेल आहेत, मासेमारी बोटीचे प्रमुख, ते हसतात. म्हणतात, ''दर्या पोटात काही ठेवत नाही. आज वेचाल, पुढच्या उधाणाला तेवढंच परत.'' गणपतीनंतर गेलो तर मे महिन्यात साफ केलेली पुळण ओळखू येईना. निम्मी मुलं तिथेच गळाली. आमची मेहनत फुकट जाते आहे का?
– एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : बाबांचं निम्मं बरोबर आहे आणि ते निम्मं तू ऐकावंस.

मुंबईच्या वर्सोव्याचं उदाहरण तुला कुणीतरी दिलंच असेल. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह नावाचे वकील ८४ वर्षांच्या एका शेजाऱ्याला घेऊन किनाऱ्यावर उतरले. मागून माणसं येत गेली. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं समुद्राकडे निघाली. गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपवतात. पण त्यानंतरच्या पावसाळ्यांतही कचरा येतच राहिला आणि त्यांना पुन्हा वाकावं लागलं. पुढे शाह मिठी नदीच्या काठी जाऊन वेचू लागले. मला त्या सगळ्या कहाणीत हा भाग जास्त कामाचा वाटतो.

आता माझी फजिती. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी मुलांना घेऊन एका गावी गेले होते. दुपारपर्यंत चाळीसेक पोती भरली. भरतीरेषेच्या जरा वर ओळीने मांडली, फोटो काढले, वडापाव खाल्ला. पोती न्यायला ट्रॅक्टर येणार होता. तो त्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी अमावास्या होती. पाणी वर चढलं आणि आमची चाळीसच्या चाळीस पोती घेऊन गेलं. विखुरलेला कचरा आम्ही नीट बांधून समुद्राच्या स्वाधीन केला होता! तेव्हापासून माझा पहिला प्रश्न एकच असतो, पोती नेणार कोण आणि कधी? तो टेम्पो ठरल्याशिवाय हातमोजे घालू नका. बाटल्या, डबे, दोरखंड भंगारवाला घेतो. वेफर्सची पाकिटं आणि गुटख्याच्या पुड्या तो घेत नाही, त्यांची सोय ग्रामपंचायतीकडून आधी लेखी घ्या.

दुसरं, दर रविवारी आठ वाजता हे कुणी ठरवलं? बाबांना विचार, ते तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतील. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे तुम्ही पोहोचता तेव्हा समुद्र पूर्ण भरलेला आणि तुमच्या वाट्याला वाळूची चिंचोळी पट्टी. द्वितीया-तृतीयेला भरती दुपारी दीड-सव्वादोनला, म्हणजे सकाळी साडेसात-आठला पाणी सगळ्यात खाली. शिवाय नुकत्याच झालेल्या अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाने वर टाकलेला माल ताजा असतो, वाळूत गाडला गेलेला नसतो. महिन्यात चार रविवार दमण्यापेक्षा असे दोन दिवस कॅलेंडरवर खुणा करून धरा. गळालेली मुलंही कदाचित परत येतील.

आणि मे महिन्यात पुळण सोडा, पऱ्याकडे, म्हणजे ओढ्याकडे जा. गावातला पऱ्या उन्हाळ्यात कोरडा पडतो, मग लोकांना ती कचरा टाकायची जागा वाटते. पहिल्या जोराच्या पावसात ते सगळं एका रात्रीत समुद्रात जातं. कोरड्या पऱ्यातलं एक पोतं उचलणं वाळूतलं ओलं, जड पोतं ओढण्यापेक्षा कितीतरी सोपं. बाबा म्हणतात ते 'परत' येणारं सगळं तुमच्या गावचं नाही, हे खरं. पण तुमच्या गावचं किती, हे तुम्हाला मोजता येईल.

मोजाच. विज्ञानाची विद्यार्थिनी आहेस, वहीत रकाने आख. कान कोरायच्या प्लास्टिक काड्या, स्ट्रॉ यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, तरी त्या सापडतील. वेफर्सची पाकिटं त्या बंदीत नाहीत, म्हणून ती वेगळी मोजा. दुकानांची नावं छापलेल्या पिशव्या तर आयता पुरावा. ही वही १ मेच्या ग्रामसभेत वाचून दाखव. अठरा पूर्ण असतील आणि गावच्या मतदार यादीत नाव असेल, तर तू ग्रामसभेची सदस्य आहेस, परवानगी मागायला जायचं नाही.

जाळ्यांच्या तुकड्यांचा ढीग मात्र बाबांसमोर ठेव. आस (जाळ्याच्या भोकाचं माप) आणि गाठ बघून ते सांगतील जाळं कसलं आणि साधारण कुठल्या बोटींचं. बंदरावर फाटकी जाळी टाकायला एक कोपरा मिळवायचा, तर तांडेलाचा शब्द चालेल, तुमचा फलक नाही. (फलकावरून आठवलं, सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी सगळीकडे किनारा सफाई होते, तेव्हा स्वयंसेवकांना प्लास्टिकच्या बाटल्यांतून पाणी वाटताना मी पाहिलं आहे.) जाळ्यात आलेलं कासव जाळं कापून सोडलं, तर २०१८च्या डिसेंबरपासून राज्यात पंचवीस हजारांपर्यंत भरपाई मिळते, हेही त्यांना विचारून बघ. त्यांनी कधी कापलं असेल आणि घरात बोलले नसतील.

एक राहिलं. कुणी उत्साहाने जेसीबी पाठवतो म्हणालं, तर नको म्हण. नोव्हेंबर ते मार्च कासवीण भरतीरेषेच्या वरच अंडी घालते. आणि वाळूवर पसरणाऱ्या मर्यादवेलीत अडकलेली पिशवी कात्रीने सोडवा, वेल उपटू नका. वाळू तिनेच धरून ठेवलेली असते.

प्रश्न : माझा अकरा वर्षांचा मुलगा सुट्टीत आजोळी गुहागरला किनारा सफाईला जायचं म्हणतो. पाठवावं का?
– एक आई, पुणे

उत्तर : पाठवा, मे महिन्यात. पावसाळ्यात नको, तेव्हा लाटांचा भरवसा नसतो आणि वाळूवर डांबराचे गोळे येतात. जाड हातमोजे आणि बंद बूट हवेत, चपला नकोत. सुई, काच दिसली तर हात न लावता मोठ्यांना हाक मारायची. निळसर फुग्यासारखं काही पडलेलं दिसलं तर ते प्लास्टिक समजून उचलायचं नाही. ती झारेचीच, म्हणजे जेलीफिशचीच, एक भावंड, मेल्यावरही डसते. आणि पाण्याची बाटली घरून, स्टीलची.