वाचकांचे प्रश्न : बेंदराच्या सोप्यात युकुलेले

आषाढ जवळ आला की या सदराकडे भजनाच्या पट्टीविषयी आणि पेटीच्या भात्याविषयी पत्रे येऊ लागतात. यंदा मात्र तीन पत्रे युकुलेलेविषयी आहेत. त्यांतली दोन घरे ते कृतज्ञतेच्या कौटुंबिक सणात वाजवू इच्छितात आणि तिसऱ्या घराला ते पावसातून वाचवायचे आहे.

प्रश्न : माझा मुलगा गेली बारा वर्षे अमेरिकेत आहे. तिकडे नोव्हेंबरात आभाराचा सण असतो. त्या दिवशी जेवणाआधी प्रत्येक जण वर्षभरात आपल्यावर कोणाचे उपकार झाले ते सांगतो आणि माझी अकरा वर्षांची नात युकुलेलेवर दोन-तीन गाणी म्हणते, असे सूनबाई सांगतात. यंदा तिची उन्हाळी सुट्टी आणि आपला बेंदूर एकत्र येत आहेत. बेंदूर म्हणजे बैलांचे उपकार स्मरण्याचा दिवस, हे कळल्यापासून ती वाद्य घेऊन येण्यासाठी हटून बसली आहे. माझ्या थोरल्या बंधूंच्या मते हलगीच्या सणात हे खेळणे शोभणार नाही. तिने वाजवावे का, आणि वाजवायचे तर काय?
— एक आजोबा, वाळवा तालुका, जि. सांगली

उत्तर : तिने अवश्य वाजवावे, परंतु मिरवणुकीत नव्हे. थोरल्या बंधूंचे म्हणणे तेवढ्यापुरते बरोबर आहे. नायलॉनच्या चार तारांचे ते लहानसे वाद्य हलगीपुढे कोणालाच ऐकू जाणार नाही, आणि दोन मिनिटांत मुलगी रडवेली होईल. हिंगूळ लावलेली शिंगे, झुली, बेगड आणि गुलाल यांचा तो तास हलगीवाल्यांचाच असू द्यावा. युकुलेलेची वेळ दोनदा येते. एक म्हणजे आदल्या संध्याकाळी, खांदेमळणीच्या वेळी, जेव्हा गोठ्यात माणसे हळू आवाजात बोलत असतात. दुसरी म्हणजे बेंदराच्या रात्री पुरणपोळीचे जेवण उरकल्यावर, जेव्हा सगळे घर सोप्यात टेकलेले असते. मला विचाराल तर पहिली वेळ अधिक चांगली. ज्या खांद्यावर वर्षभर जू होते तो खांदा कोमट पाण्याने आणि हळद-तेलाने चोळला जात असताना वाजलेले चार सूर त्या मुलीच्या आयुष्यभर लक्षात राहतील. बैलांना वाद्याची सवय व्हावी म्हणून आधी थोडे लांबून वाजवावे, एवढेच.

खेळणे या शब्दाविषयी मात्र थोरल्या बंधूंशी माझा मतभेद आहे. आपला तालुका उसाचा असल्यामुळे त्यांना या वाद्याची पुढील हकीकत जरूर वाचून दाखवावी. २३ ऑगस्ट १८७९ रोजी रेव्हन्सक्रॅग नावाचे जहाज पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरून चारशेहून अधिक माणसे घेऊन हवाई बेटांवरील होनोलुलू बंदरात लागले. ही माणसे उसाच्या मळ्यांवर मजुरी करण्यासाठी आली होती. त्यांच्यात मॅन्युएल नुनेस, ऑगस्टो डियास आणि जोसे दो एस्पिरितो सान्तो असे तीन सुतार होते. मळ्यावरचे करार संपल्यावर त्यांनी होनोलुलूत आपला मूळ धंदा पुन्हा सुरू केला आणि आपल्या बेटावरच्या माशेत नावाच्या लहान तंतुवाद्याच्या धर्तीवर तिथल्या कोआ लाकडाची वाद्ये घडवली. त्यांतूनच युकुलेले जन्मले. हवाईचा राजा कालाकाउआ याने त्याला दरबारात मान दिला. युकुलेले या शब्दाचा अर्थ सहसा ‘उड्या मारणारी पिसू’ असा सांगितला जातो, परंतु हवाईची शेवटची राणी लिलिउओकलानी हिने ‘इथवर चालून आलेली भेट’ असा अर्थ लावल्याचे सांगतात, आणि आपल्या घरच्या प्रसंगाला तोच अधिक जुळतो. उसाच्या फडावरच्या माणसांनी जगाला दिलेले हे वाद्य वाळव्यात परके कसे ठरेल, असे मी त्यांना विचारले असते.

नातीच्या नोव्हेंबरातल्या सणाचेही मूळ सुगीतच आहे. १८६३ साली अध्यक्ष लिंकन यांनी नोव्हेंबरातला शेवटचा गुरुवार राष्ट्रीय आभारदिन म्हणून जाहीर केला आणि १९४१ च्या कायद्याने तो चौथ्या गुरुवारी कायम झाला. तिकडे पीक घरात आल्यावर आभार मानतात, आपल्याकडे पेरणीची धावपळ उरकताच, ज्याच्या जिवावर ती पार पडली त्याचे. हा फरक तिला आपण गोठ्यात उभे राहून समजावून सांगावा. पुस्तकापेक्षा तो तिथे लवकर कळेल.

आता काय वाजवावे ते पाहू. तिची तिकडची एक-दोन गाणी तिने खुशाल म्हणावीत, कारण ती तिची भेट आहे. परंतु सारा कार्यक्रम त्याच गाण्यांचा झाला तर घरचे लोक कौतुकाने टाळ्या वाजवतील आणि एकाचेही तोंड उघडणार नाही. कृतज्ञतेच्या गाण्यात, ज्यांचे आभार मानायचे त्यांनाही गाता आले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. बैल गाणार नाहीत हे उघड आहे, पण बैलांमागे वर्षभर राबणारा गडी गाईल, दिवसभर पुरण वाटणाऱ्या बायका गातील आणि आपणही गाल. घरात कोणाला भलरी, म्हणजे शेतात काम करताना म्हणायचे गाणे, येत असेल तर तिच्यासारखे दुसरे काही नाही. एकाने ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची अशी तिची रीतच असल्यामुळे मराठी अडखळत बोलणाऱ्या मुलीलाही त्यात सामील होता येते. जात्यावरच्या ओव्याही चालतील. शिवाय बेंदूर आषाढी एकादशीच्या आगेमागे येत असल्याने अभंग त्या दिवसांत सर्वांच्या ओठांवर असतातच.

अभंगाचा विषय निघाला म्हणून एक गंमत सांगतो, जी माझ्या स्वतःच्याही बऱ्याच उशिरा लक्षात आली. युकुलेलेच्या चार तारा वरून खाली जी, सी, ई आणि ए अशा लावतात. मोजताना मात्र त्या खालून मोजतात, म्हणजे ए ही पहिली तार आणि जी चौथी. पेटीवरची पांढरी एक, म्हणजे सी, षड्ज मानली तर हेच सूर प, सा, ग आणि ध होतात, म्हणजे भूप रागातल्या पाच सुरांपैकी चार मोकळ्या तारांवरच मिळतात. भूपाच्या वळणाची चाल असेल तर डाव्या हाताने काहीही न दाबता नुसत्या तारा छेडल्या तरी विसंवादी सूर निघत नाही. चालच वाजवायची असेल तरी कष्ट नाहीत. तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर (मानेवरच्या आडव्या पट्टीवर) रिषभ आहे आणि पहिल्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर तार षड्ज. एवढी दोन स्थाने पाठ झाली की अकरा वर्षांची मुलगी एका दुपारी भूपाची चाल बसवू शकते.

इतर रागांतल्या चालींना मात्र पाश्चात्त्य कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेले तीन-चार सूर, चिकटवण्याचा हट्ट धरू नये. कोमल सुरांच्या अभंगामागे उत्साहाने मेजर कॉर्ड वाजू लागली की गाणारा आजोबा गोंधळून थांबतो आणि दोष मात्र त्याच्या म्हातारपणाला जातो. अशा वेळी पहिल्या दोन तारा एकाच बोटाने तिसऱ्या पडद्यावर दाबाव्यात आणि वरच्या दोन मोकळ्या ठेवाव्यात. त्यातून प, सा, प, सा एवढेच सूर निघतात, म्हणजे लहानसा तंबोराच झाला. केरव्याच्या आठ मात्रांत पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर हात खाली आणावा, बाकी मात्रा गाणाऱ्यांसाठी सोडाव्यात. टाळांचा एकच जोड ठेवावा. चार जोड सुरू झाले तर युकुलेलेची गत पुन्हा हलगीपुढच्यासारखी होईल.

प्रश्न : गुरुपौर्णिमेला आमच्याकडे सारी मुले-नातवंडे सासूबाईंना नमस्कार करण्यासाठी जमतात, त्या तीस वर्षे प्राथमिक शिक्षिका होत्या. संध्याकाळी भजन होते, पेटी मी धरते. यंदा माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला युकुलेलेवर साथ करायची आहे. तो मोबाईलवर सूर लावून घेतो, तरी पेटीशी काहीतरी खटकत राहते. शिवाय सासूबाई काळी चारमध्ये गातात आणि त्याला सी आणि जी या पट्ट्यांतच वाजवता येते. त्यांना पट्टी बदलायला सांगावे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, ज्यांना वंदन करण्यासाठी घर जमले आहे त्यांनीच आपला आवाज वाद्याच्या सोयीने वाकवावा, हे काही बरे दिसणार नाही. सुदैवाने त्याची गरजही नाही.

आधी सुराचे पाहू. जुन्या पेटीचे सूर वर्षानुवर्षांच्या वापराने थोडे चढ-उतार झालेले असतात, आणि मोबाईल मात्र प्रमाण सुराला धरून बसतो. पेटीचे सूर आपल्याला घरी हलवता येत नाहीत, युकुलेलेच्या खुंट्या हलतात. तेव्हा मोबाईल बाजूला ठेवून पेटीवरूनच सूर लावावा. मधल्या सप्तकात चौथी तार पांढरी पाचला, तिसरी पांढरी एकला, दुसरी पांढरी तीनला आणि पहिली पांढरी सहाला मिळवावी. चौथी तार तिसरीपेक्षा उंच सुराची असते, हे पहिल्यांदा विचित्र वाटते, आणि कित्येक जण ती चुकून एक सप्तक खाली उतरवून ठेवतात. तार सैल पडून फडफडू लागली तर ही चूक झाली असे समजावे.

पट्टीसाठी कॅपो नावाचा लहानसा चिमटा मिळतो. तो पहिल्या पडद्यावर लावला की सर्व तारा अर्ध्या स्वराने चढतात, आणि पेटीवरची प्रत्येक काळी आपल्या डावीकडच्या पांढरीच्या आकारात, म्हणजे त्या कॉर्डच्या बोटांच्या ठेवणीत, वाजू लागते. सीचा आकार धरला तर काळी एक, डीचा धरला तर काळी दोन, एफचा धरला तर काळी तीन, जीचा धरला तर काळी चार आणि एचा धरला तर काळी पाच. आपल्या मुलाला जी येतेच. त्याने चिमटा लावून जी, सी आणि डी सेव्हन या तीनच कॉर्ड धराव्यात, सासूबाईंची काळी चार तयार आहे. चिमटा सातारा शहरातल्या वाद्यांच्या दुकानात मिळाला नाही तर एक पेन्सिल तारांवर आडवी ठेवून दोन्ही टोकांना रबरबँडने मानेमागून घट्ट आवळावी. दिसायला हास्यास्पद दिसते, काम मात्र चोख होते.

एक विनंती अशी की पहिल्या भजनाला त्याने वाजवूच नये, नुसते ऐकावे. सासूबाई ओळीच्या शेवटी किती थांबतात, श्वास कुठे घेतात, हे त्याला कळले की दुसऱ्या भजनापासून त्याची साथ त्यांच्या मागून चालेल. मुलांना साथ म्हणजे लय पुढे ओढणे असे वाटते. सत्तरीच्या गळ्याला ती ओढ झेपत नाही, आणि सासूबाई प्रेमापोटी तक्रारही करत नाहीत.

प्रश्न : पाटण तालुक्यातील आमच्या गावी जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते. नातवासाठी युकुलेले घेतले आहे, पण आठवड्यात सूर उतरतो. मिरजेला नेऊन स्टीलच्या तारा बसवून घ्याव्यात का?
— एक वाचक, पाटण तालुका, जि. सातारा

उत्तर : स्टीलच्या तारा अजिबात बसवू नयेत. युकुलेलेची पाटी, म्हणजे पोकळ भागावरची फळी, नायलॉनच्या हलक्या ताणासाठीच पातळ ठेवलेली असते. स्टीलचा ताण आला की तारा जिच्यावर टेकतात ती घोडी उखडते किंवा पाटी फुगते, आणि दुरुस्तीचा खर्च नव्या वाद्याच्या आसपास जातो. नव्या नायलॉनच्या तारा पहिले आठ-दहा दिवस ताणल्या जातच राहतात. आपल्याकडचा सूर उतरण्याचे कारण ओलीपेक्षा बहुधा हेच असावे. रोज दोनदा सूर लावून घ्यावा, पुढे तो स्थिर होईल.

ओलीसाठी वाद्य भिंतीवर टांगू नये आणि चुलीजवळही ठेवू नये. जाड पिशवीत, औषधांच्या डब्यांत येतात तशा ओल शोषणाऱ्या दोन-चार पुड्या टाकून, लाकडी पेटीत किंवा कपाटाच्या मधल्या खणात ते ठेवावे. मिरजेचे कारागीर पंढरपूरकडच्या भोपळ्यांपासून तंबोरे आणि सतारी घडवतात आणि त्यांच्या या कामाला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, त्यामुळे खुंटी घसरत असेल किंवा घोडी सुटली असेल तर त्यांच्याइतका जाणता हात जवळपास नाही. मात्र एवढ्या पावसात घाट उतरून वाद्य नेण्याआधी एकदा खुंटीच्या टोकावरचा स्क्रू अर्धा फेरा आवळून पाहावा. बऱ्याचदा तेवढ्यानेच भागते.