स्टोरेज युनिटचं कुलूप: आधी कोयंडा बघा, मग दुकानात जा

ताई, तुमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय, नवं घर मिळायला तीन वर्षं तरी लागणार. तोवर आईचं शिसवी कपाट, पितळी भांडी आणि पुस्तकांची खोकी अंधेरीच्या स्टोरेज युनिटमध्ये. तिथल्या माणसाने सांगितलं की कुलूप तुमचं तुम्ही आणा. मग ३०० रुपयांचं घ्यावं की २००० चं, असा तुमचा प्रश्न. नागदेवी स्ट्रीटला हार्डवेअरच्या काउंटरमागे माझी २८ वर्षं गेली, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

किमतीचं नंतर बघू. आधी युनिटवर जाऊन कोयंडा बघून या. तो दाराला आतून बोल्टने किंवा वेल्डिंगने धरलेला आहे, की बाहेरून दिसणाऱ्या चार स्क्रूंवर? आमच्या एका नातेवाइकांनी गोडाऊनला चांगलं जाडजूड कुलूप लावलं होतं. चोराने कुलपाला हातही लावला नाही. पेचकस घेऊन स्क्रू काढले. सकाळी बघतो तर कुलूप बंदच्या बंद, कोयंड्यासकट जमिनीवर. स्क्रू बाहेरून दिसत असतील तर आधी ते बदलून मागा, नाहीतर दुसरं युनिट मागा.

मग कोयंड्याचं भोक मोजा. साधी शिसपेन्सिल साधारण ७ मिमी जाड असते. ती भोकात जेमतेम जात असेल तर १० मिमीची कडी (कुलपाचा वाकवलेला दांडा) तिथे बसणार नाही, आणि तुम्ही आणलेलं महागडं कुलूप पिशवीतच राहील. दर आठवड्याला एक तरी गिऱ्हाईक अशा कारणाने कुलूप परत घेऊन यायचं. शक्यतो ९-१० मिमी किंवा त्याहून जाड कडी घ्या. कडीवर ‘हार्डन्ड’ असं कोरलेलं असतं, पण कोरायला काय जातंय! घरी आणल्यावर कडीच्या कोपऱ्यावर कानस एकदा ओढून बघा. कडक पोलादावर ती घसरते, मऊ लोखंडात लगेच रुतते.

माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कडी किती उघडी राहते. बोल्ट कटर म्हणजे लांब दांड्यांची लोखंड कापायची कात्री. तिचे दोन्ही जबडे कडीभोवती बसले तरच ती कापते. लांब कडीचं कुलूप कोयंड्यात लोंबकळत असेल तर जबड्यांना जागाच जागा. म्हणून आखूड कडी घ्या. त्याहून चांगलं म्हणजे गोल चकतीसारखं डिस्क लॉक. त्यात कडी आत लपते, अंगठ्याएवढाच भाग दिसतो. पण त्याच्या गोल अंगाला आजूबाजूला मोकळी जागा लागते. दाराच्या पट्टीला ते अडत असेल तर लागणारच नाही. शक्य असेल तर घेण्याआधी लावून बघा. आणि ग्राइंडर, म्हणजे लोखंड कापायचं फिरत्या चकतीचं यंत्र, सगळंच कापतो, हे धरून चला. फक्त त्याचा आवाज होतो, ठिणग्या उडतात, म्हणून जिथे रात्री वॉचमन फिरतो आणि पॅसेजमध्ये कॅमेरा चालू असतो तिथे त्याची धास्ती कमी.

स्वस्त कुलपात आणखी एक खोट असते. कडी उघडून तिची दोन्ही टोकं बघा. खाच एकाच बाजूला असेल तर आतली पकडही एकाच बाजूची. हातोडीच्या दोन दणक्यांत ती सुटू शकते. दोन्ही बाजूंना खाच हवी. नंबरवाल्या कुलपाचं म्हणाल, तर तीन आकड्यांचे १००० मेळ होतात. एकाला दोन सेकंद धरले तरी अर्ध्या-पाऊण तासात सगळे संपतात. ते प्रवासी बॅगेलाच ठीक.

आता आपल्या मुंबईचं दुखणं: गंज. तीन वर्षं म्हणजे तीन पावसाळे, आणि तुम्ही युनिटवर जाणार दिवाळीला एकदा. शटरचं कुलूप बहुतेक जमिनीलगत असतं, रोज पोछ्याचं पाणी उडतं. वरून चमकणारं पॉलिश एकदा ओरखडलं की आतलं लोखंड फुगतं आणि किल्ली अडते. म्हणून अंग पितळेचं किंवा स्टेनलेस स्टीलचं घ्या. दुकानात जाताना फ्रिजवरचं चुंबक खिशात टाका. ‘पितळी’ म्हणून दाखवलेल्या कुलपाच्या अंगाला ते चिकटलं तर फक्त मुलामा आहे. (कडीला चिकटेल, ती पोलादाचीच हवी.) भरवशाचं पितळी लिव्हरचं (आत किल्लीने उचलल्या जाणाऱ्या पट्ट्यांचं) कुलूप मिळतं आपल्याकडे. गोदरेजची सुरुवातच १८९७ मध्ये आमच्या लालबागेत कुलपांपासून झाली, तेव्हा कुलपासाठी परदेशाकडे बघायची गरज नाही.

आत खोबरेल घालू नका, हात जोडून सांगतो. सगळ्यांच्या घरी तेच करतात. तेल धुळीला धरतं, आत चिकट लगदा होतो. मऊ शिसपेन्सिल किल्लीच्या दातांवर घासा, किल्ली चार-पाच वेळा आत-बाहेर करा, पुरतं. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा जाऊन उघडबंद करून या.

कुलपाच्या पाठीवर नेलपॉलिशचा एक ठिपका द्या, तुम्हालाच ओळखू येईल असा. चोर कधीकधी कुलूप कापून तसंच दुसरं लावून जातो, म्हणजे महिनोन्महिने कुणाच्या लक्षातच येत नाही. ठिपका नसेल, किंवा तुमची किल्ली अचानक लागेनाशी झाली, तर ‘गंजलं असेल’ म्हणून सोडून देऊ नका. विमा काढला असेल तर सामानाचे फोटो भरण्याआधीच काढा.

२००० रुपये खर्च करायची तयारी असेल तर १२०० च्या आसपासचं चांगलं डिस्क किंवा पितळी कुलूप घ्या आणि उरलेल्यातून कोयंडा नीट करून घ्या. किल्ल्या दोन-तीन मिळतात. एक तुमच्याकडे, एक वेगळ्या घरी, भावाकडे किंवा बहिणीकडे. जास्तीची किल्ली ‘हरवायला नको’ म्हणून त्याच युनिटमधल्या कपाटात ठेवू नका. हसू नका, माझ्या ओळखीतल्या दोघांनी हे केलंय, आणि दोघांच्याही कुलपांना शेवटी ग्राइंडरच लावावा लागला.